माहेरचा रकाना

"डॉक्टर, चपला बाहेर," मी म्हणाले.

डॉ. केळुस्कर उंबऱ्यावरच थांबले. मिरजेतल्या एका धर्मादाय रुग्णालयाचे ते प्रमुख. वय साठीच्या पुढचे. त्यांच्याच इमारतीत त्यांना चपला काढायला लावणारे माणूस त्यांना बहुधा प्रथमच भेटत होते.

"हे काय देऊळ आहे, घारपुरेबाई?"

"देवळात धूळ चालते. कॉम्प्युटरला चालत नाही."

ते हसले आणि त्यांनी चपला काढल्या. मागोमाग दोघे विश्वस्त, मेट्रन आणि हेडक्लार्क यांनीही काढल्या. ही १९८८च्या मार्चमधली गोष्ट. त्या काळी कॉम्प्युटरच्या खोलीत अनवाणीच जात, आणि आम्ही विक्रीची माणसे तो नियम गरजेपेक्षा जरा जास्तच कडकपणे पाळायला लावत असू. दारात चपला काढून आत आलेले गिऱ्हाईक निम्मे राजी झालेले असते, असे आमचे टिपणीससाहेब सांगत.

रांगेत सर्वांत शेवटी पन्नाशी ओलांडलेल्या एक उंच बाई होत्या. पांढरे पातळ, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि पाय आधीच मोकळे.

"तुम्ही आधीच काढून आलात?" मी विचारले.

"माझ्या खोलीतबी चालत नाहीत," त्या म्हणाल्या. "केस पेपरला धूळ लागती."

त्या पद्मावती मगदूम. सारे रुग्णालय त्यांना पद्माक्का म्हणे. केस पेपरच्या खोलीचा कारभार तीस वर्षे त्यांच्याकडे होता, आणि आम्ही विकायला आणलेले यंत्र नेमके त्याच खोलीसाठी होते.

त्या दिवशी माझे काय पणाला लागले होते ते आधी सांगते. पुण्याच्या एका लहानशा कॉम्प्युटर कंपनीत मी अकरा वर्षे टंकलेखिका होते. विक्रीला जाणाऱ्या मुलांची पत्रे मीच टंकत असे. त्यातल्या चुका मीच दुरुस्त करत असे. आणि एके दिवशी साऱ्या कचेरीदेखत मी टिपणीससाहेबांना म्हणाले, की यांच्यापेक्षा मी बरे विकेन. साहेबांनी मला सहा महिने दिले. सहा महिन्यांत एक तरी ऑर्डर, नाहीतर घरी. पूर्वीच्या खुर्चीवर परत जाण्याचा प्रश्नच नव्हता, कारण तिथे दुसऱ्याच आठवड्यात एक नवी मुलगी बसली होती. पाच महिने आणि तीन आठवडे उलटले होते. मुदत एकतीस मार्चला संपत होती. माझ्या नावावर एकही ऑर्डर नव्हती.

आदल्या दिवशी आमचा इंजिनिअर शिकलगार याने गोधड्यांत गुंडाळून आणलेले यंत्र उलगडले होते आणि दोनशे केस पेपरांची माहिती त्यात भरून ठेवली होती. आता ते दोनशे कागद टेबलावर होते. मी विश्वस्तांना म्हणाले, "कोणताही उचला."

"मलगोंडा सातगोंडा पाटील," एका विश्वस्तांनी वाचले.

शिकलगारने नाव टाइप केले. चार सेकंदांत काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत नाव, गाव, वय, आजार, कपाटाचा क्रमांक, सगळे उमटले. विश्वस्तांनी आणखी चार नावे विचारली. चारही सापडली. ती पाचही नावे पुरुषांची होती. पण हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही.

"बाई, कमाल आहे," डॉक्टर म्हणाले. "आमच्याकडे अर्धा अर्धा तास माणसं खिडकीशी उभी असतात."

मी तयार करून ठेवलेले वाक्य याच क्षणासाठी होते. "डॉक्टर, एकदा नोंदलेला रुग्ण या यंत्रातून पुन्हा कधीही हरवणार नाही."

ते त्यांनी हेडक्लार्ककडून लिहून घेतले. "उद्या सकाळी दहाला या. पत्र तयार ठेवतो."

सगळे गेले. शिकलगारने दार लोटून घेतले आणि दोन्ही हात वर करून म्हणाला, "मॅडम, पेढे!"

"सही होऊ दे," मी म्हणाले. पण माझेही पाय जमिनीवर नव्हते.

दुपारी मी केस पेपरच्या खोलीत गेले. एकूण किती कागद भरायचे याचा अंदाज कराराला लागणार होता. खोली लांबलचक, छतापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर जुन्या चादरींत बांधलेले गठ्ठे. अक्का खिडकीशी बसल्या होत्या. मी फळ्या मोजत होते आणि कानांवर बोलणे पडत होते.

"नाव?"

"सुवर्णा बाळासो चौगुले." बोलणारी सासू होती. शेजारी विशीतली पोटुशी सून उभी होती.

"पैल्यांदाच आलाय?"

"व्हय, पैल्यांदाच."

"तुमास्नी न्हाई इचारलं, मावशी. तू सांग गं. ल्हान असताना कधी आल्तीस हितं?"

सून सासूकडे पाहत म्हणाली, "आल्तो. टायफॉईड झाल्ता."

"तवा नाव काय हुतं तुजं?"

"आता त्येचं काय?" सासू म्हणाली. "लग्नात बदललंय की नाव."

"मावशी, तुमी जरा बाकावर टेका. हं, सांग."

"रंजना," ती अगदी हळू म्हणाली. "रंजना आप्पासो खोत. म्हैसाळची."

अक्का उठल्या. टेबलाच्या खणातून त्यांनी एक जाड कापडी बांधणीची वही काढली, दोन पाने चाळली, मग शिडी लावून वर चढल्या आणि पाच मिनिटांत एक पिवळा पडलेला कागद घेऊन उतरल्या. त्याच्या माथ्यावर तांबड्या शाईने लिहिले होते: पेनिसिलीन देऊ नये. अक्कांनी तो कागद नव्या केस पेपरला टाचला आणि मुलीच्या हातात दिला.

"हे डॉक्टरला आदी दाखीव. मग बाकीचं बोल."

त्या दोघी गेल्यावर मी मोजणे थांबवून त्यांच्या टेबलापाशी आले. "ही वही कसली, अक्का?"

"माहेरवही," त्या म्हणाल्या. "म्या आपलं म्हंतो तसं." तिकडच्या बायका स्वतःविषयी असेच पुरुषासारखे बोलतात. त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. डाव्या पानावर माहेरचे नाव आणि गाव, उजव्या पानावर सासरचे, शेवटी केस पेपरचा जुना क्रमांक. "पोरगी हितं जन्मती, हितं तिला डांग्या खोकला हुतो, हितं कावीळ हुती. मग लगीन. नवरा आपल्या पसंतीचं नाव ठिवतो, बापाचं नाव जातं, आडनाव जातं, गावबी बदलतं. परत आली की दुसरीच बाई. कागदाला काय म्हाईत ही तीच म्हनून? ही अकरावी वही."

"रुग्णालयानं सांगितलं का हे ठेवायला?"

"कोन सांगतंय?" मग किल्ल्यांचा जुडगा कमरेत नीट खोवत त्यांनी मला विचारले, "बाई, तुमच्या मशीनला माहेर हाय का?"

नोंदणीचा पडदा माझ्या डोळ्यांपुढे आला. तो पडदा मला तोंडपाठ होता. आडनाव, नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, गाव, वय. पाच महिने मी तो दिवसाआड कोणाला तरी दाखवत होते. तो पुण्यातल्या चार पुरुषांनी बसून आखला होता, हे खरे. पण विकत होते मी. मंगळसूत्र घालून, बदललेले नाव लावून विकत होते, आणि मला दिसले नव्हते.

"तुम्ही डॉक्टरांना का सांगितलं नाहीत?" मी विचारले.

"म्या सांगू? मशीन आलं की अक्का घरी, असं समदी म्हनत्यात. म्या बोललो तर म्हनतील, बगा, अक्का खुर्ची धरून बसली." त्यांनी वही खणात ठेवली. "तुमी सांगा की. तुमचं ऐकत्यात. पार चपला काढल्या त्येंनी."

लॉजवर परतल्यावर मी शिकलगारला सगळे सांगितले. तो सांगलीचाच, हुशार आणि सरळ. त्याने कपाळ चोळले.

"मॅडम, नवा रकाना आता शक्य नाही. एका रुग्णाला जेवढी जागा आखून दिलीय ती काठोकाठ भरलीय. एक अक्षर वाढवायचं तर अख्खा प्रोग्रॅम उसवावा लागेल. सबनीस साहेब दीड महिना सांगतील."

"आणि आपल्याकडे नऊ दिवस आहेत."

"आपल्याकडे उद्या सकाळचे दहा आहेत," तो म्हणाला. "सही घ्या. पुढच्या वर्षी सुधारून देऊ. कोणालाही कळणार नाही."

"अक्कांना कळलंय."

"अक्कांना विचारतं कोण?"

अक्का हेच म्हणाल्या होत्या. मी स्टेशनाजवळच्या टेलिफोनच्या टपरीवर गेले आणि टिपणीससाहेबांना फोन लावला. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"बाई, गिऱ्हाइकानं विचारलं का?"

"डॉक्टरांनी नाही विचारलं."

"मग झालं. आपण विकायला गेलो आहोत, कबुलीजबाब द्यायला नाही. सही होईपर्यंत तोंड मिटून बसायचं. नवरीसारखं." ते स्वतःच हसले. "अभिनंदन, बाई. मला वाटलं नव्हतं."

हे शेवटचे वाक्य मला फार गोड लागले, हे मी लपवणार नाही. रात्री झोपताना माझा विचार पक्का होता: गप्प बसायचे.

सकाळी दहाला डॉक्टरांच्या खोलीत पत्र टंकून तयार होते. डॉक्टरांनी ते माझ्यापुढे ठेवले. "वाचा. तुम्ही टंकलेखिका होतात म्हणे. चूक असेल तर सांगा."

मी वाचले. पत्र निर्दोष होते. समास सारखे, शुद्धलेखन चोख. यंत्राचे वर्णन, किंमत, मुदत. आणि तिसऱ्या परिच्छेदात, 'विक्रेत्यांनी दिलेल्या खात्रीनुसार' असे म्हणून, जसेच्या तसे: एकदा नोंदलेला रुग्ण या यंत्रातून पुन्हा कधीही हरवणार नाही.

डॉक्टरांनी पेनचे टोपण काढले.

तोंड मिटून बसणे मला साधले असते. पण अकरा वर्षे दुसऱ्यांच्या पत्रांतल्या चुकांवर बोट ठेवण्यात गेली होती. बोट आपोआप त्या ओळीवर गेले.

"हे वाक्य खोटं आहे, डॉक्टर."

"हे तुमचंच वाक्य आहे."

"म्हणूनच सांगते."

आणि मी सांगितले. रंजना खोत, सुवर्णा चौगुले, तांबडी शाई, माहेरवही. डॉक्टरांनी घंटी वाजवून अक्कांना बोलावले.

"अक्का, ही वही कधीपासून आहे?"

"चौतीस वर्सं झाली. आदी नर्सांच्या खोलीत हुतो तवापासनं."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"तुमी कागद मागत हुता, साहेब. कागद मिळत हुता."

डॉक्टरांनी पेनला टोपण लावले आणि पत्राची घडी घालून खणात ठेवली.

"बाई, एकतीस तारखेला अकराला विश्वस्तांची बैठक आहे. तोवर तुमच्या यंत्रात ही वही आली तर सही करीन. नाहीतर ही रक्कम क्ष-किरण यंत्राला जाईल. ते विकणारी माणसं रोज दाराशी येऊन उभी राहतात."

"येईल," मी म्हणाले. कशी, ते मला ठाऊक नव्हते.

पुण्याला पोहोचले तेव्हा बातमी माझ्या आधी पोहोचली होती. टिपणीससाहेबांनी मला बसायलाही सांगितले नाही.

"हातात आलेली सही तुम्ही परत केलीत?"

"परत केली नाही, साहेब. लांबवली."

"एकतीसच्या संध्याकाळी तुमचे सहा महिने संपतात. मी एक दिवससुद्धा वाढवणार नाही."

"मी मागितलेला नाही," मी म्हणाले आणि थेट सबनीसच्या खोलीत गेले.

सबनीस आमचा मुख्य प्रोग्रॅमर. बत्तीस वर्षांचा, जाड भिंगांचा, परदेशात शिकून आलेला गृहस्थ. त्याचे तिघे सहकारी तिथेच होते. शिकलगार माझ्या मागे दारात उभा राहिला. मी मागणी मांडली. सबनीसने ती पूर्ण ऐकलीसुद्धा नाही.

"दीड महिना. आणि खरं सांगू का, याची गरज नाही. असे रुग्ण असून असून किती असणार? अपवाद आहेत ते."

"लग्न झालेल्या बायका अपवाद?"

"सगळ्यांचं नाव थोडंच बदलतं, बाई? आडनाव बदलतं. पहिलं नाव आताशा कोण बदलतं?"

"तुमच्या आईंचं लग्नाआधीचं नाव काय?" मी विचारले.

"सुमित्रा."

"ते आताचं. आधीचं?"

"तेच असणार."

"असणार?"

तिघे सहकारी आपापल्या कागदांत पाहू लागले. मी टेबलावरचा फोन उचलून त्याच्यापुढे ठेवला. "विचारा."

"आत्ता?"

"आत्ता."

माझ्या आवाजात काय होते कोण जाणे, त्याने मुकाट्याने नंबर फिरवला.

"आई, मी बोलतोय... नाही गं, काही झालं नाही... हो, जेवलो. आई, तुझं लग्नाआधीचं नाव काय होतं?... तुझं. नाव... अगं, कोणी काही म्हटलेलं नाही, सहज विचारतोय..." मग तो बराच वेळ नुसता ऐकत राहिला. "परत सांग," तो म्हणाला. समोरच्या कागदावर त्याने काहीतरी लिहिले. "बरं. ठेवतो. नाही, लवकर येतो आज."

फोन ठेवून त्याने चष्मा काढला.

"बकुळा," तो म्हणाला. "बकुळा दामोदर चांदोरकर." त्याने कागदावरचे नाव पुन्हा वाचले. "माझे मामा तिला बकी म्हणायचे. मला वाटायचं, चिडवतात."

मग त्याच्या मागे बसलेला एकजण उठला आणि म्हणाला, "सर, मी जरा घरी फोन करून येतो."

सबनीसने चष्मा घातला. आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला. "ते सगळं खरं, बाई. पण जागा नाही म्हणजे नाही. एका रुग्णाची चौकट भरलेली आहे."

"चौकटीला हात कशाला लावता?" मी म्हणाले. "अक्कांनी मूळ रजिस्टरात एक अक्षर वाढवलेलं नाही. त्यांची वही निराळी आहे. डाव्या पानावर माहेर, उजव्या पानावर सासर, शेवटी मूळ कागदाचा क्रमांक. रजिस्टर आपल्या जागी, वही आपल्या जागी."

सबनीसने शिकलगारकडे पाहिले.

"वेगळी फाइल," शिकलगार दारातून म्हणाला. "नुसता दुवा. मूळ प्रोग्रॅमला धक्काच नाही."

"ही कल्पना त्या बाईंची?" सबनीसने विचारले. "शिकल्यात किती त्या?"

"मी विचारलं नाही. तुम्हाला किती दिवस लागतील?"

"चार," तो म्हणाला. मग कागदावरच्या नावाकडे बघत, "तीन."

तीन नाही, पाच लागले. तीस तारखेला दुपारी फ्लॉपी शिकलगारच्या हातात पडल्या आणि रात्री उशिरा आम्ही मिरजेत होतो. एकतीसला सकाळी साडेनऊला ती सगळी मंडळी पुन्हा त्या खोलीत जमली. या वेळी कोणाला काही सांगावे लागले नाही. साऱ्या चपला दाराबाहेर.

शिकलगारने रंजना खोत टाइप केले. पडद्यावर सुवर्णा चौगुले आली. एक विश्वस्त टाळी वाजवणार, तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "हे नको."

"का हो, अक्का?" डॉक्टरांनी विचारले.

"ही पोरगी बाईंनी बगिटलेली हाय. त्येंनी भरून ठिवलेलं मशीन सांगनारच की. कुनी भरलं न्हाई असं नाव घाला."

"कोणाचं घालायचं?"

"बाईंचंच घाला."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. शिकलगारने माझ्या होकाराची वाटही न पाहता सासरचे टाइप केले: सरोजिनी माधव घारपुरे, पुणे. मग बोटे तशीच ठेवून त्याने मान वळवली. "आणि माहेरचं, मॅडम?"

बावीस वर्षांपूर्वी, ऐन उन्हाळ्यात, एका ताटात पसरलेल्या तांदळांत सोन्याच्या अंगठीने चार अक्षरे काढली गेली आणि मी सरोजिनी झाले. मला ते नाव आवडले होते. भारदस्त होते. त्यानंतर वडिलांचे पहिले पत्र आले तेही 'चि. सौ. सरोजिनीस' असेच होते. जावयाच्या घरी रीत म्हणून. मग ते गेले, आई गेली, भाऊ नव्हताच. जुने नाव कोणी माझ्याकडून काढून घेतले असे नाही. फक्त ते उच्चारणारे एकेक माणूस कमी होत गेले, आणि मी कामात होते.

"मॅडम?"

"द्वारका," मी म्हणाले. माझा आवाज त्या खोलीला शोभेल एवढा मोठा निघाला नाही. मी पुन्हा म्हणाले, "द्वारका विष्णू आगाशे. मुक्काम वाई."

शिकलगारने ते भरले, पडदा पुसला आणि फक्त द्वारका आगाशे एवढेच टाइप केले. चार सेकंद लागतात. मी ते चार सेकंद शंभर वेळा गिऱ्हाइकांबरोबर मोजले होते. ते कधी एवढे लांबले नव्हते.

डॉक्टरांनी वाकून मोठ्याने वाचले. "द्वारका विष्णू आगाशे, वाई. सरोजिनी माधव घारपुरे, पुणे." दोन्ही नावे एकाच ओळीत होती.

"आता बरोबर हाय," अक्का म्हणाल्या.

बैठक अकराला सुरू झाली आणि अकरा वाजून दहा मिनिटांनी सही केलेले पत्र माझ्या हातात आले. तिसऱ्या परिच्छेदातले माझे वाक्य डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने खोडले होते आणि त्याच्या वर लिहिले होते: स्त्री रुग्णाचे माहेरचे नाव आधी विचारावे. जबाबदारी: श्रीमती प. मगदूम. म्हणजे अक्कांची खुर्चीही जागेवर राहिली. मी टिपणीससाहेबांना फोन केला, पत्राचा क्रमांक आणि तारीख सांगितली, आणि त्यांनी काही म्हणायच्या आत फोन ठेवला.

पुढे एकोणीस वर्षे मी विक्रीत होते. शेवटच्या आठ वर्षांत पश्चिम विभाग माझ्याकडे होता आणि चाळीस पुरुष माझ्या हाताखाली काम करत. मला बाई म्हणत, मॅडम म्हणत. मागे काय म्हणत ते मला ठाऊक होते. एकेरी बोललेले मला खपत नसे. एका मोठ्या गिऱ्हाइकाने एकदा लाडिकपणे अगं म्हटले, तर मी मांडलेला करार उचलून बाहेर आले होते.

पण त्या दिवशी मिरजेला, मी गाडीत बसले होते, शिकलगार मागे गोधड्या टाकत होता, तेवढ्यात अक्का पायऱ्या उतरून गाडीपर्यंत आल्या. अनवाणीच. उन्हाने फरशी तापलेली होती. त्यांनी कागदात बांधलेल्या दोन भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी माझ्या मांडीवर ठेवली आणि गाडीचे दार बाहेरून लावून घेतले.

"द्वारके," त्या म्हणाल्या. "वाटेत कुठं चा पीत बसू नगंस. दिस बुडायच्या आत घाट चढ. आनि पोचलीस की कळीव."

शिकलगार चमकून माझ्याकडे पाहू लागला.

"हो, अक्का," मी म्हणाले. "कळवते."